फिरता कान

पडद्यावर संचालकांच्या कार्याची चित्रफीत सुरू व्हायची होती. त्याऐवजी सभागृहातल्या कर्ण्यांतून त्यांचा घरचा आवाज घुमला.

"अगं, कोर्टाची परवानगी कोण मागत बसतंय? आधी ऐकून घ्यायचं. काही सापडलं तर कागद मागाहून. नाही सापडलं तर कागदच नाही!"

मग हसणं. जेवण झाल्यावरचं, ऐसपैस.

टेहळणी खात्याचे संचालक नुकतंच मिळालेलं मानचिन्ह छातीशी धरून व्यासपीठावर उभे होते. आवाज थांबेना. कोणत्या न्यायाधीशाच्या फोनला कान लावला, कोणत्या संपादकाच्या घरात काय ऐकलं, सगळं ओळीनं येत गेलं. साउंडवाल्यानं वायर उपटली तेव्हा ऐकायचं काही उरलं नव्हतं.

निरीक्षक बाई बंगल्यावर पोहोचल्या तेव्हा संचालक येरझारा घालत होते.

"कोणी केलं ते मला ठाऊक आहे. माझी मेव्हणी! शेवटच्या रांगेत बसली होती. उचला तिला."

"पुरावा काय, साहेब?"

"तिचं माझ्याशी वैर आहे, हा पुरावा नाही?"

वैर होतं, आणि ते गावाला माहीत होतं. मेव्हणी वकील. नागरिकाच्या फोनला कान लावायचा तर आधी न्यायाधीशाला कारण सांगा, एवढीच मागणी घेऊन तिनं खात्यावर दावा लावला होता. दावा रंगात आला, आणि मनाच्या डॉक्टरांशी ती फोनवर जे रडत बोलली होती ते एका वर्तमानपत्रात जसंच्या तसं छापून आलं. तिनं दावा सोडला. वकिली सोडली. मग फोनही सोडला.

"बेकायदा ध्वनिमुद्रण करणाऱ्याला सुरक्षा कायद्याखाली आत टाकायचा हुकूम संध्याकाळपर्यंत येतोय," संचालक म्हणाले. "त्यात जामीन नाही. तुम्ही फक्त तिचं नाव घाला."

बाईंच्या हातात तेवढीच एक दुपार होती.

साउंडवाला घामानं निथळत होता.

"पेन ड्राइव्ह कोणी दिला?"

"साहेबांनी स्वतः. कोटाच्या खिशातून काढून हातात दिला. मी बदलला नाही बाई, आईशप्पथ!"

"आवाज सुरू झाल्यावर काय दिसलं?"

"काय दिसणार? माझं टेबल सगळ्यात मागं. सगळं सभागृह वळून माझ्याकडे बघायला लागलं, जसा काही मीच बोलतोय."

"सगळे वळले?"

त्यानं बाहीनं कपाळ पुसलं. "शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. आणि पुढं पहिल्या रांगेत एक अंबाडा होता. तो काही वळला नाही."

मेव्हणीला हवालदारांनी ठाण्यात आणून बसवलं होतं.

"सभागृहात कशाला गेला होतात?" बाईंनी विचारलं.

"बोलावणं आलं होतं."

"कोणाचं?"

तिनं खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली.

"ताई, संध्याकाळी तुम्हाला आत टाकतील. आता तरी बोला."

"एकदा बोलले होते, डॉक्टरांशी," ती म्हणाली. "पुरे झालं."

बाहेर आल्यावर हवालदार कुजबुजले, "बाई, हिच्यापेक्षा भिंत बरी. निदान भिंतीला कान तरी असतात."

"भिंतींचं काय झालं? बंगला तपासलात?"

"दिव्यांच्या टोप्या काढून बघितल्या. गाद्या उलट्या केल्या. साहेबांच्या खात्याची माणसं पण यंत्रं घेऊन फिरली. एक साधी तार सापडली नाही."

बाईंनी दार लावून घेतलं आणि ध्वनिमुद्रण पुन्हा लावलं. एका ठिकाणी ताटवाट्या वाजत होत्या. एका ठिकाणी झोपाळा कुरकुरत होता. तिसरीकडे गाडी वळताना दिव्याची टिकटिक.

"तीन जागी यंत्रं लावली असतील," हवालदार म्हणाले.

"मग साहेबांचा आवाज ऐका. कधी जवळ, कधी लांब. झोपाळ्यावरून उठून ते फाटकाकडे गेले की विरतो. आता त्यांच्या बायकोचा, वहिनींचा ऐका."

हवालदारांनी मान कलती केली. "त्यांचा आपला एकसारखाच."

"तिन्ही जागी. म्हणजे कान भिंतीत नाही, हवालदार. कान फिरतो. वहिनी जातील तिथं जातो. आणि त्या विचारतात काय ते पाहिलंत? 'परवानगी लागत नाही का हो?' 'मग कोणाकोणाचं ऐकलंत?' इतका संसार झाल्यावर ही चौकशी? हा उलटतपास आहे."

वहिनींनी फोन मागताक्षणी काढून दिला.

"तुम्ही ध्वनिमुद्रण केलंत?"

"मला त्यात गजर लावता येत नाही," त्या म्हणाल्या.

ते खरं होतं. प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञानं फोन उघडला, आणि आत जे सापडलं ते पाहून बाई थेट बंगल्यावर परतल्या. येताना मेव्हणीलाही घेऊन आल्या.

दिवाणखान्यात संचालक हुकुमाचा कागद घेऊन बसले होते. वहिनी खिडकीशी. मेव्हणी दारातच थबकली. या उंबरठ्याच्या आत ती किती काळानं येत होती, तिलाच ठाऊक.

"नाव घातलंत?" संचालकांनी विचारलं.

"घालायचंच आहे. आधी दोन माणसं वेगळी करू. एकानं हे ध्वनिमुद्रण केलं. दुसऱ्यानं ते गावाला ऐकवलं. आपण सगळे एकच माणूस शोधत होतो, तिथंच फसलो."

"कोड्यात बोलू नका."

"वहिनींच्या फोनमध्ये एक छुपा कान बसवलेला आहे. फोन बंद दिसतो, पण आजूबाजूचं सगळं ऐकून पाठवत राहतो. असा कान बाजारात मिळत नाही, साहेब. तो फक्त तुमच्या खात्याकडे आहे, आणि तो बसवायचा हुकूम एकाच सहीनं निघतो."

संचालकांनी हातातला कागद टेबलावर ठेवला.

"तुम्हाला भीती होती, बहिणी बहिणी एक होतील आणि दावा पुन्हा उभा राहील. म्हणून बायकोच्या फोनला कान लावलात. कोर्टाला विचारलं नाही. खात्यातही कोणाला कळू नये म्हणून तिथलं सगळं थेट तुमच्या लॅपटॉपवर यायचं. आणि तुमच्याच कानानं तुमचंच बोलणं टिपलं."

"लॅपटॉप माझ्या अंगठ्याशिवाय उघडत नाही!"

"अंगठा कुठं असतो दुपारी?" वहिनी खिडकीजवळूनच म्हणाल्या. "जेवून घोरत पडता तेव्हा?"

दारातून मेव्हणी पुढं धावली. "ताई, गप्प बस!"

"खूप बसले गं."

बाईंनी वहिनींकडे पाहिलं. "पेन ड्राइव्ह कोटातच बदलला. बहिणीला तुम्हीच बोलावलंत, पण काय होणार ते सांगितलं नाहीत. आवाज सुरू झाला तेव्हा तिनं डोळे मिटले. ज्याला आधी माहीत असतं तो डोळे मिटत नाही. सगळं सभागृह आवाज कुठून येतोय ते बघत होतं. तुम्ही तेवढ्या यांचा चेहरा बघत होतात."

"डोळे भरून पाहिला," वहिनी म्हणाल्या.

"ऐकलंत? कबूल करतेय!" संचालक उसळले. "हिचं नाव घाला!"

"हुकूम ध्वनिमुद्रण करणाऱ्याचा आहे, साहेब. तो तुम्हीच मागवलात. वहिनींनी चोरी केली म्हणत असाल तर तशी तक्रार द्या, आत्ता लिहून घेते. फक्त चोरीला गेलेला माल कोणाचा आणि कुठून आणलेला, ते तुम्हाला शपथेवर सांगावं लागेल."

संचालकांनी कागदाकडे पाहिलं आणि तो हळूच पालथा घातला. बाईंनी तो उचलला, सुलटा केला आणि रिकाम्या जागी नाव लिहिलं. हवालदारांनी लॅपटॉप काखेत मारला.

संचालक बायकोकडे वळले. आवाज खाली आला होता. "बहिणीसाठी माझा असा सूड घेतलास?"

"तिच्यासाठी लॅपटॉप उघडला होता. वाटलं, तिच्या डॉक्टरांचं बोलणं सापडेल, पुसून टाकीन. सापडलं माझंच." वहिनी त्यांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. "सकाळी देवापुढं बसून मी जे पुटपुटते ते. नवऱ्याला सुबुद्धी दे, त्याचं पाप माझ्या पदरात घाल. अहो, आईला सांगितलं नाही ते माणूस तिथं सांगतो. तिथं तिसऱ्यानं बसायचं नसतं. तुम्ही ते ऐकलंत, तशी नोंदच होती तिथं, आणि पुढचं ऐकायला दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलात."

"तू माझं भलंच मागत होतीस."

"होते. त्या दिवसापासून मागणं बदललं."

हवालदार दारात खोळंबले होते. संचालकांचा पाय उचलेना.

"काय मागितलंस?"

"ते रोज फोन लांब, उशीखाली ठेवून मागितलं," वहिनी म्हणाल्या आणि बहिणीचा हात धरून आतल्या खोलीत गेल्या.