फोटोतलं हसू

आमची पहिली भेट म्हणजे माझ्या हातून झालेला अपघात. घाईघाईत ग्रंथालयाचं दार मी आतून ढकललं आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या नाकावर ते दाणकन बसलं. नाकातून रक्त… आणि हा पठ्ठ्या हसतोय!

"लागलं ना तुम्हाला? मग हसताय काय?"

"सवय आहे," तो म्हणाला.

तेव्हापासून ग्रंथालयात माझ्यासोबत काम करणाऱ्या ताईंनी त्याचं नाव 'नाकवाले' ठेवलं. चष्म्याच्या दुकानात कामाला, आणि रोज संध्याकाळी माझ्या काउंटरवर हजर! पुस्तक एक न्यायचं, गप्पा मात्र ढीगभर.

"वाचता तरी का हो?"

"कुणाला… पुस्तकाला?"

इश्श! मी शिक्का उलटा मारला.

काल मात्र त्याने एक नवं पुस्तक पुढे सरकवलं. खऱ्या खुनाची हकिकत होती, वाचकांच्या उड्या पडत होत्या त्यावर.

"यातला खुनी माझा सख्खा दादा," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आधी वाचा. मग सांगा— मी येत जाऊ की नको."

खोटं कशाला बोलू, पहिल्या काही पानांतच अंगावर काटा आला. आई लाड करून पोर बिघडवणारी, वडील घुमे, घरात कुणाला कुणाचं काही नाही. असल्या घराशी नातं जोडायचं? नको रे बाबा… मी मनातल्या मनात नकार पक्का केला.

मग पान उलटलं आणि फोटो आला. खाली छापलं होतं, 'शिक्षा ऐकतानाही हसणारा धाकटा भाऊ'.

ते हसू मी ओळखलं. नाकावर दार बसल्यावरचं! लेखकाला वाटलं, याला काळीजच नाही. अहो, मलाही तेव्हा तो आगाऊच वाटला होता की. मग त्या आईला तरी मी या पुस्तकावरून काय ओळखणार?

आज तो आला आणि दाराबाहेरच थांबला. मीच उघडलं, जपून.

"वाचलं?"

"वाचलं."

"मग… निघू मी?" तो हसला. तेच हसू.

"हसू नका. दुखतंय ना? मग दुखतंय म्हणा."

त्याचं हसू मावळलं. "खूप दुखतंय," तो म्हणाला, आणि भर दारात रडला.

मी त्याचा हात धरला. "रोज येत जा. मला तुम्ही हवे आहात. आणि रविवारी मला घरी न्या. आईंना भेटायचंय… पुस्तकात नाही, प्रत्यक्ष."

त्याने बाहीने डोळे पुसले. "आमचं दार जुनं आहे हं, जरा हळू ढकला," म्हणाला आणि हसला.

हे हसू मी पहिल्यांदाच पाहत होते.