रेबेकाबाईंच्या कानातला वाटाणा

"टीव्ही बंद कर, इत्सेल. त्यातल्याच एका बाईचं सांगतोय."

"मामा, तुमच्या भुतांच्या गोष्टीत दरवेळी बाईच का मरते?"

"ही मेली असं कोण म्हणालं?" फिदेन्सिओमामांनी कॉफीचा कप खाली ठेवला. "चेमा आठवतो ना, माझ्याबरोबर स्टुडिओच्या गाड्या चालवायचा तो? त्याच्या डोळ्यांदेखत घडलंय. मागच्या वर्षी, नोव्हेंबरातल्या शेवटच्या गुरुवारी, दिवेलागणीला रेबेकाबाईंनी त्याला शहराच्या टोकाला, सोचिमिल्कोला पिटाळलं. एक वस्तू आणायला.

रेबेका लिसारागा. तिची मालिका लागली की तुझ्या आईच्या तोर्तिया तव्यावर करपायच्या. माझातलानच्या कोळ्याची पोर, विशीच्या आत नायिका झाली. पुढं नायिकेची आई. पण बाईंना एक वाक्य पाठ होत नसे. आमच्याकडं पाठ करतो कोण म्हणा! रोज एक भाग उरकायचा असतो. कानात वाटाण्याएवढं यंत्र घालायचं, वाटाणाच म्हणतात त्याला, आणि काचेच्या खोलीतला माणूस सांगेल ते बोलायचं. वाक्यंही तोच सांगतो, हालचालीही. ऊठ. वळ. रड. विचार केलात की अडखळलात."

"म्हणजे जन्मभर पुरुष कानात सांगेल ते बोलायचं," इत्सेल म्हणाली. "भूत कशाला हवं मग?"

"फार शिकलीस. बाईंच्या कानात सगळी वर्षं एकच आवाज होता, इलारिओचा. त्यांचा वाटाणाही तोच सांभाळायचा, घरी नेऊन पुसायचा. तो वारला. त्याच्या जागी नायेली आली, तुझ्याच वयाची. आवाज स्वच्छ, पण बाई अडखळायला लागल्या. निर्मात्यानं तोंडावर सांगितलं, आजचा प्रसंग बिघडला तर मालिकेतल्या आईला अपघातात मारून टाकू. त्या वयात दुसरं काम कोण देणार? म्हणून बाईंनी तो जुना वाटाणा मागवला.

सोचिमिल्कोत इलारिओच्या बायकोनं तो लगेच काढून दिला. म्हणाली, 'न्या बाबा. रात्रभर कुजबुजतो, माझी झोप होत नाही.' शेजारच्या कुत्र्याची तक्रार करावी तसं. चेमाला वाटलं, म्हातारीला भास होत असतील.

चित्रण सुरू झालं. आजारी मुलीच्या उशाशी आई बसलेली. बाई एकदाही अडखळल्या नाहीत. लिहिलेलं संपलं तरी बोलत राहिल्या, आणि काय बोलत होत्या! दिवेवाले डोळे पुसत होते. बाई वाचल्या, चेमाच्या मनात आलं. कौतुकानं त्यानं काचेच्या खोलीकडं पाहिलं.

नायेली तोंडावर हात ठेवून बसली होती.

तिच्यापुढचा माइक बंद होता.

'मी काहीच सांगत नाहीये,' ती म्हणाली. 'केव्हापासून...'

सेटवर बाई थांबल्या. मान कलती झाली. ऐकत होत्या.

उठल्या.

वळल्या.

एका डोळ्यातून पाणी आलं. एकाच.

दिग्दर्शक म्हणाला, कट. पुन्हा म्हणाला. बाई दाराकडं निघाल्या. चेमा आडवा गेला. 'बाई, थांबा...' त्यांनी त्याच्याकडं पाहिलं. डोळ्यांत भीती होती, पोरी. नुसती भीती. पण नाही म्हणायचं वाक्य त्यांना कुणी दिलं नव्हतं.

त्याच्या बाजूनं गेल्या. दार उघडलं. बाहेर गेल्या. दार लागलं."

मामांनी कॉफीचा घोट घेतला.

"मग?"

"ते सेटचं दार, प्लायवूडचं. मागं वीतभर जागा, आणि विटांची भिंत. तिथं कुणी नव्हतं... बाई आजतागायत सापडल्या नाहीत."

"आणि तो प्रसंग?"

"दाखवला ना. सगळा देश रडला. फक्त शेवट कापला. तुम्ही लोकांनी पाहिलाच नाही तो. चेमानं ध्वनिमुद्रकाच्या खोलीत बसून ऐकला. दार लागल्यावर सेटवर आरडाओरडा आहे, खुर्च्या पडताहेत. आणि त्या सगळ्याच्या खाली, माइकच्या अगदी जवळ, बाईंचा आवाज. हळू. लहान पोरीसारखा.

ध्वनिमुद्रकानं तो पुसला. दुसऱ्या दिवशी वेगळाच प्रसंग झाला, वेगळी माणसं. त्यातही तो आवाज होताच."

"काय म्हणते ती?"

"इलारिओ... पुढं काय बोलू?"