रिकामं सॉकेट

"जळालं का हो, मॅडम?"

अपूर्वानं मान वर केली. नाशिकच्या त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दर रविवारी ती किट जोडायला शिकवायची. समोरच्या तरुणाच्या तळहातावर चिमुकला बोर्ड होता आणि त्याला चांगलाच करपट वास येत होता.

"चिप उलटी बसवलीत," ती हसू दाबत म्हणाली. "चिपची खाच सॉकेटच्या खाचेकडे हवी. ही गेली... नवी घ्या आणि पहिल्यापासून जोडा."

"मी ललित. पिंपळगावला द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजात हाय. दार उघडं राहिलं की बोंब मारेल, असं काहीतरी बनवायचंय. स्वस्तातलं."

"मग बसा."

तिथला एक रिवाज होता. ज्याच्या बोर्डावरचा दिवा लुकलुकला, त्यानं सगळ्यांना मिसळ खिलवायची आणि अपूर्वासमोरची खुर्ची पुढच्याला द्यायची. पुढचा नंबर गोरक्षकाकांचा. एसटीतून निवृत्त झालेले काका दर रविवारी ललितच्या बोर्डाकडे डोळे लावून बसायचे.

ललितचे हात मात्र बघत राहावेत असे! द्राक्षावरची पांढुरकी पूड पुसली गेली की मालाचा भाव उतरतो, म्हणून घड देठानंच उचलायची त्याला सवय. रेझिस्टरही तो तसाच धरायचा, टोकांना, अलगद. सोल्डरचा प्रत्येक टिपका कसा चकचकीत! इतकं नेटकं काम अपूर्वाचंही नव्हतं, आणि याचं तिला भारी कौतुक वाटायचं.

"असं बघू नका, मॅडम. हात कापतो."

"मी बोर्डाकडे बघतेय."

"बोर्ड तिकडं हाय."

अपूर्वाचे कान लाल झाले.

चौथ्या रविवारी फक्त चिप बसवायची राहिली होती. घरीच बसवून आणतो, असं तो म्हणाला होता. दिवा लागला की हा जाणार... सकाळपासून तिला चहासुद्धा गोड लागेना. त्याचा दिवा लागावा असं तिला मनापासून वाटत होतं, आणि लागू नये असंही.

तो आला. तिनं बोर्ड हातात घेतला. सॉकेट रिकामं!

"चिप कुठंय?"

ललितनं शर्टाच्या खिशातून काडेपेटी काढली. आत कापसावर चिप निजली होती.

"बसवली की दिवा लागणार. दिवा लागला की मिसळ, अन् मग खुर्ची काकांची." तो घुटमळला. "खुर्चीचं काय नाय हो... पण तुमच्यासमोर बसल्याबिगर माझा रविवार जाणार नाय. तुम्ही लय आवडता मला."

अपूर्वानं चिप उचलली. टोकांना धरून, त्याच्यासारखीच.

"खाच कुठं?" तिनं विचारलं.

"खाचेकडे."

तिनं अलगद दाबलं. ललितनं वायर जोडली. लाल दिवा लुकलुकू लागला.

"लागला!" काका उठलेच. "चला मिसळीला!"

"काका, खुर्ची तुमची," अपूर्वानं पर्स खांद्याला अडकवली. "मिसळ मात्र आज आम्हा दोघांचीच."