चौथी ओळ

जालना एमआयडीसीतल्या त्या बियाणे कंपनीत ऑनलाइन बुकिंग सांभाळणाऱ्या प्रियदर्शनीनं सर्व्हरना नावं दिली होती ती खाली निवडणीच्या शेडमधल्या बायांची: उषाबाई, कांताबाई, दैवशाला, वंदना. का, तर या चौघी कधी खाडा करत नव्हत्या. टेम्प्लेट म्हणजे एक फाईल. काय काय हवं ते तिच्यात लिहायचं, क्लाउड तेवढे सर्व्हर उभे करतो. सैपाकाची यादी दिल्यासारखं, असं तिनं उषाबाईंना समजावलं होतं.

"मंग भांडी बी तोच घासतो का?" उषाबाईंनी विचारलं होतं.

आज बाराला बियाण्याचं बुकिंग उघडायचं होतं. गेल्या खेपेला ते मधेच बंद पडलं होतं. मॅनेजर भुजंग दारातूनच म्हणाले, "मॅडम, आज बंद पडलं तर उद्यापासून येऊ नका." घरात कमावती ती एकटीच.

साडेअकराला तिनं टेम्प्लेट चालवलं. उषाबाई हिरवी, म्हणजे चालू; कांताबाई हिरवी, दैवशाला हिरवी. चौथ्या ओळीत मोनाली, हिरवी. त्याखाली वंदना, लाल. जागा संपली, मंजुरी चारच सर्व्हरची होती.

फाईलीत मोनाली कुठंच नव्हती. तिनं तो सर्व्हर काढला. सगळेच पडले. पुन्हा चालवलं. पुन्हा मोनाली.

ती खाली पळाली. "तुमच्यात मोनाली कोण?"

"बिलकुल कुणी न्हाई," वंदना सूप न थांबवता हसली. "आम्ही चौघीच. पाणी प्या मॅडम, घामाघूम झाल्यात."

बाराला पाच कमी असताना प्रियदर्शनीनं वंदनाची ओळ खोडली आणि तिथं मोनाली लिहिलं. नावच तर होतं.

चारही हिरवे. बुकिंग सुरू झालं.

"बराबर चालून राह्यलं, मॅडम!" भुजंगांनी हाक दिली.

हलक्या पायांनी ती शेडमध्ये आली. चार सुपं पाखडत होती. चौथीचा पदर तोंडावर ओढलेला.

"वंदना कुठंय?"

"कोण वंदना?" उषाबाई म्हणाल्या. "ही मोनाली. आम्ही चौघी पहिल्यापासून."

प्रियदर्शनी जिना चढली. नोकरी गेली तर जाऊ दे. तिनं मोनाली खोडलं, वंदना लिहिलं, चालवलं.

मोनाली. हिरवी.

पुन्हा.

मोनाली.

खिडकीतून फाटक दिसत होतं. वंदनाची लेक आकांक्षा कॉलेज सुटल्यावर रोजच्यासारखा आईचा डबा घेऊन आली होती.

प्रियदर्शनी धावत गेली, तिचे खांदे धरले. "आईचं नाव सांग. जल्दी."

आकांक्षानं डब्याकडे पाहिलं.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "हा कुणाला द्यायचा होता?"