बोगद्यातून न निघालेली गाडी

फोनवरच्या बाईंनी सगळ्यात आधी गुडघ्यांची चौकशी केली.

"हर्षाताई खोब्रागडे ना? हरवलेलं शोधून देता म्हणतात तुम्ही. गुडघे ठीक आहेत ना तुमचे?"

"ठणठणीत आहेत," हर्षा म्हणाली. "काऊन?"

"सहज. वडस्याहून बोलून राह्यली मी. रामटेक्यांच्या घरची गाडी हरवली. लवकर या."

फोन बंद झाला. प्रफुलने किल्ली उचलली. हर्षा त्याची मावसबहीण. विमा कंपनीतली नोकरी सोडून तिने चंद्रपुरात स्वतःचं तपासाचं काम सुरू केलं, तेव्हापासून तो तिची जीप चालवत होता. कधीतरी एखादं कोडं तिच्याआधी आपल्याला सुटेल, ही आशा त्याने अजून सोडली नव्हती.

"ट्रक असंल का बोलेरो?" मूल गाव ओलांडल्यावर त्याने विचारलं. "आणि गुडघ्यांचा काय संबंध, ताई?"

"तेच तर मी केव्हाची विचार करून राह्यले."

वडस्याला रेल्वे फाटकाच्या अलीकडे रामटेक्यांचं घर. काठी टेकत श्रावण रामटेके दारात आले. जंगलातून धावणारी छोटी लाईन बंद पडेपर्यंत ते तिच्यावर ड्रायव्हर होते.

"जय भीम. आमच्या पोरानं, राजदीपनं बोलावलं वाट्टे तुम्हाले. पोलिसांत नको म्हणलं होतं मी, हसतील ते. या, आता आल्याच तं."

त्यांनी आतल्या खोलीचं दार ढकललं आणि प्रफुल उंबऱ्यातच थांबला.

खोलीभर जंगल होतं. कमरेइतक्या उंच मेजावर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत साग, मोह आणि बांबूची बेटं पसरली होती. त्यांच्यातून दोन बोटं रुंदीचे रूळ वळत गेले होते. बांबू केरसुणीच्या काड्यांचे होते. सागाची पानं खऱ्या वाळक्या पानांतून टोचून काढलेली, टिकलीहून लहान. धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, पाणी साचलं होतं. ओढ्यावर लोखंडी पूल होता आणि पुलाचं प्रतिबिंब खालच्या पाण्यात. फलाटावर नखाएवढ्या बायका मोहफुलांच्या टोपल्या घेऊन गाडीची वाट पाहत बसल्या होत्या.

श्रावणभाऊंनी भिंतीवरचं बटण हळूहळू फिरवलं. सागाच्या शेंड्यांवर तांबूस उजेड आला, मग तो बांध्यांत उतरला. जंगलात सकाळ झाली.

प्रफुल एक पाऊल पुढे आला. विहारात पाय ठेवल्यावर आवाज आपोआप उतरतो, तसा तो हळूच म्हणाला, "भाऊ, हे तुम्ही केलं?"

"लाईन बंद झाली, रूळ उखडून नेले. तवा ठरवलं, जशी होती तशी ठेवायची. जे होतं तेच. मनचं काईच नाई." ते जरा थांबले. "एक बोगदा तेवढा मनचा. गाडी माघारी वळवाले डोंगर पायजे होता."

"आणि गाडी?" हर्षाने विचारलं.

"गेली. इंजिन अन् तीन डबे. इंजिन पितळेचं. हातानं घडवलं होतं मी."

परवा दुपारी त्यांनी गाडी शेवटची म्हणून चालवली. मांडणी नागपूरच्या एका संग्रहालयाला द्यायचं ठरलं होतं. उद्या ट्रक येणार होता. खोलीत चौघं होती. श्रावणभाऊ वेगाच्या बटणापाशी. मुलगा राजदीप मोबाईलवर चित्रण करत. बायको कांता भिंतीलगत, बोगद्याच्या अलीकडच्या तोंडाशी. मित्र मुखरू नाकाडे पलीकडच्या तोंडाशी. गाडी बोगद्यात शिरली. बाहेर आली नाही.

"मुखरू अन् राजदीपनं डोंगराचं झाकण उचललं. आत रूळ रिकामे!"

"तेव्हा वीज बंद केली होती तुम्ही?"

"नाई. आता येईल, आता येईल म्हणून चालूच ठेवली. बऱ्याच वेळानं बंद केली."

"संशय कोणावर?"

"मुखरूवर. झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवते तो. हे सारे डोंगर त्याचेच. मांडणी वडस्याबाहेर जाऊ द्याची नव्हती त्याले. मी तोंडावर चोर म्हणलं, तं गप उभा राह्यला. जिंदगीभराची दोस्ती होती, ताई."

हर्षा भिंतीवरचा मांडणीचा जुना फोटो पाहत होती. फोटोत डोंगर आणि भिंत यांच्यामध्ये हातभर जागा होती. आता डोंगर थेट भिंतीला टेकला होता, आणि त्याचं झाकण फक्त मधल्या भागावर होतं.

"डोंगर वाढवला?"

"मुखरूनं. माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं त्या वक्ताले. भिंतीले टेकला की खरा दिसते म्हणे. मी तं खाटेवर होतो. तवापासून ना मांडी घालता येत, ना खाली वाकता येत. तार-बीर निसटली तं कांताच जोडते."

मेजाला चारही बाजूंनी नाटकाचा जुना मखमली पडदा लावला होता, थेट जमिनीपर्यंत. प्रफुलने दाराकडचा कोपरा उचलून पाहिला. समोर खोक्यांची रांग होती. मखमलीवरची धूळ नाकात जाऊन त्याला शिंक आली. भिंतीकडच्या टोकाला मात्र पडदा स्वच्छ होता. तिथे फरशीवर कापसाचा एक कण पडला होता, तळाशी किंचित काळी माती चिकटलेला.

"उशीतला कापूस," प्रफुलने निकाल दिला.

हर्षाने तो कण तळहातावर घेतला. "भाऊ, तुमच्या मांडणीत काळी माती कुठी आहे?"

"कुठीच नाई. धानाचा मुलूख हा आपला. काळी माती कापसाची."

राजदीप पुण्यात इंजिनिअर होता. आईवडिलांना तो तिकडे घेऊन जाणार होता, त्यासाठीच मांडणी द्यायचं ठरलं. त्याने मोबाईल हर्षाच्या हातात दिला. तिने चित्रण एकदा पाहिलं. दुसऱ्यांदा डोळे मिटून नुसतं ऐकलं.

गाडी आत शिरल्यावरही चाकांची खडखड चालूच होती. ती बारीक होत गेली, आणखी बारीक झाली, जशी खरी गाडी दूर जाते तशी. मग थांबली.

"इथे बाबांनी वीज बंद केली?"

"नाही, ती नंतर. हे बघा, त्यांचा हात आत्ता हलतोय."

प्रफुलने मोबाईलमध्ये डोकं घातलं. "ताई, मुखरूभाऊ पाहा! बोगद्याच्या तोंडाशी उभे आहेत अन् बोगद्याकडं पाहतच नाई. कांताबाईकडं पाहून राह्यले. यानंच केलं!"

हर्षाने मोबाईल बंद केला. "मांडणी नेणार कशी?" तिने राजदीपला विचारलं.

"तीन तुकडे करून. संग्रहालयाची माणसं करवत घेऊन येणार आहेत. वरचं नेतील. खालचा सांगाडा मोडून टाकायचा."

मागे कपबशा वाजल्या. कांताबाई चहा घेऊन आल्या होत्या. बशीत चहा सांडला होता. त्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स होत्या. "चहात साखर चालते ना तुम्हाले?" त्यांनी विचारलं, आणि प्रफुलला फोनवरचा आवाज ओळखू आला. राजदीपच्या सांगण्यावरून यांनी फोन केला असेल, असं मनाशी म्हणून त्याने कप उचलला.

"माहेर कुठलं तुमचं, कांताबाई?"

"राजुऱ्याकडचं. आसनझरी."

"जाणं होते का?"

"कुठी जाऊ? कोळशाची खदान आहे तिथी. मी नर्सिंगले असताना गाव उठलं. सुट्टीत गेली तं गावाच्या जागी खड्डा. घरं नाई, माणसं नाई. कोण कुठी गेलं, पत्ता नाई." त्यांनी रिकामा ट्रे छातीशी धरला. "ह्यांले म्हणलं होतं, माझ्या गावचं एक टेसन ठेवा. तं म्हणे, तिकडं लाईनच नव्हती."

"नव्हतीच तं," श्रावणभाऊ म्हणाले.

मुखरूभाऊ नाटक कंपनीच्या शेडमध्ये सापडले. जमिनीवर पसरलेल्या पडद्यावर उकिडवे बसून ते जंगल रंगवत होते.

"गाडी मी घेतली नाई," ते मान वर न करता म्हणाले. "याच्यापुढं विचारू नका."

"कोणाले शब्द दिला का, भाऊ?"

"रंग वाळून राह्यला, ताई."

"उद्या करवत येणार आहे. मेजाखालचं सारं मोडून टाकणार आहेत."

ब्रश थांबला. हिरव्या रंगाचा एक थेंब आकाशावर पडला. मुखरूभाऊंनी तो पुसलाही नाही. ते उठले आणि चपला शोधू लागले.

दुपार कलायच्या आत सगळे पुन्हा त्या खोलीत जमले. मुखरूला पाहताच श्रावणभाऊंनी काठी आपटली, पण हर्षाने हात वर केला.

"भाऊ, चोरी झालीच नाही. चालत्या गाडीवर कोणी झडप घातली असती, तर आवाज कचकन तुटला असता. मोबाईलमध्ये तो हळूहळू लांब जातो. म्हणजे गाडी पुढे धावत होती. आणि तुम्ही वीज बंद करायच्या आधीच ती थांबली. म्हणजे तिचा मुक्काम आला होता."

"कुठला मुक्काम? रूळ तेवढेच आहेत!"

"तुम्ही सगळ्यांनी गाडी शोधली, रूळ कोणी तपासले नाहीत." तिने झाकण बाजूला करायला लावलं आणि रुळावरून बोट फिरवलं. एका जागी बोट थांबलं. रुळांचा वीतभर तुकडा बिजागरीवर होता. तिने मेजाच्या भिंतीकडच्या कडेखालची एक दोरी ओढताच तो तुकडा आडवा सरकला आणि वाढवलेल्या डोंगराच्या अंधाराकडे तोंड करून बसला; दोरी सोडली की तो पुन्हा जागेवर येत होता. हर्षाने टॉर्च मारला. आत दुसरे रूळ गोल गोल खाली उतरत होते.

"या दोरीपाशी परवा कांताबाई उभ्या होत्या. त्या काय करणार, हे मुखरूभाऊंना ठाऊक होतं. म्हणून ते बोगद्याऐवजी त्यांच्याकडे पाहत होते. डोंगर वाढवला तो तुम्ही खाटेवर असताना. तुम्हाला वाकता येत नाही, म्हणजे पडद्यामागे तुम्ही कधी पाहणार नव्हता. पडदा भिंतीकडेच तेवढा स्वच्छ, कारण तिथूनच रोजची ये-जा. आणि जो कापूस तिथे सांडला, तो धानाच्या मुलखातला नाही. काळ्या मातीतला आहे."

हर्षाने टॉर्च बंद केला.

"मला फोनही राजदीपने केला नव्हता. केला तो कांताबाईंनी. मी वाकून पाहू शकेन का, एवढंच त्यांना विचारायचं होतं."

प्रफुलने कपाळावर हात मारला.

श्रावणभाऊ बायकोकडे वळले. "कांता?"

"तुम्हाले दाखवण्यासाठीच केलं होतं," कांताबाई म्हणाल्या. "गाडी खाली गेली की पडदा सारीन म्हणलं. पण तुम्ही मुखरूभाऊले चोर म्हणाले. माझ्या लाईनीले ज्यानं हात लावला त्याचं तोंड पाहणार नाई म्हणाले. माझी जीभच उचलेना. डोळ्यानंच भाऊले सांगितलं, थांबा. वाटलं, आपल्यानं सांगवत नाई, तं दुसऱ्या कोणी शोधून काढावं."

हर्षाने एक बुटकं स्टूल भिंतीकडे ओढलं. एका बाजूने राजदीपने धरलं, दुसऱ्या बाजूने कोण धरणार, हा प्रश्न क्षणभर अधांतरी राहिला. मग मुखरूभाऊ पुढे झाले. श्रावणभाऊंनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला आणि दात आवळत बसले.

कांताबाईंनी पडदा सारला. आत हात घालून त्यांनी एक बटण दाबलं.

मेजाखाली संध्याकाळ होती.

काळ्याभोर जमिनीवर कापूस फुटला होता. शेतं दूरवर गेली होती, इतकी दूर की मेज कुठे संपतं ते प्रफुलला कळेना. शेवटच्या शेतापलीकडे मुखरूभाऊंनी रंगवलेलं आकाश होतं. मधोमध गाव. कौलारू घरं, प्रत्येक घरात मुगाएवढा दिवा. दोरीवर लुगडी. विहिरीच्या काठाला दोरानं पडलेल्या खाचा. विहारासमोर निळा झेंडा. बैलगाडीतून कोणी उतरत होतं, ओट्यावर कोणी वेणी घालून घेत होतं. आणि गावच्या कडेला एक छोटं स्टेशन. त्यावर पाटी: आसनझरी. फलाटाला लागून पितळेचं इंजिन उभं होतं, मागे तीन डबे.

प्रफुल नकळत जमिनीवर बसला होता. एवढं मोठं गाव एका माणसाच्या डोक्यात इतकी वर्षं जिवंत होतं, आणि बाहेरून कोणालाच दिसलं नव्हतं. त्याला मोठ्याने श्वास घ्यायचीही भीती वाटली. घरातले दिवे विझतील, असं काहीतरी वेड्यासारखं वाटलं.

"इथी लाईन नव्हती," श्रावणभाऊ पुटपुटले.

"बोगदा तुमच्या मनचा चालते," कांताबाई म्हणाल्या, "अन् माझं गाव नाई चालत?"

राजदीप बाहेर गेला. फोनवर त्याचा आवाज ऐकू आला: करवत नको, ट्रक थांबवा, न्यायचंच तर अख्खं न्यावं लागेल, नाहीतर इथेच राहील.

"मुखरू," श्रावणभाऊ म्हणाले. मान वळवली नाही, पण मित्राच्या खांद्यावरचा हात तिथेच होता. "चोर म्हणलं मी तुले."

"हाव. ऐकलं मी."

"राग आला?"

"आला तं. बस आता गुमान, पाहू दे."

मग श्रावणभाऊंनी काठीचं टोक एका दिव्याकडे दाखवलं. "हे कोणाचं घर?"

"बुधरी मावशीचं."

"अन् हे?"

"हे आमचं. ओट्यावर आई."

त्यांनी आणखी एक घर विचारलं, मग आणखी एक. कांताबाई प्रत्येक दारावर बोट ठेवून माणसांची नावं सांगत गेल्या. गावचं शेवटचं घर झाल्यावर श्रावणभाऊंनी घसा साफ केला आणि नव्या लाईनीवर पहिल्यांदा आलेल्या ड्रायव्हरसारखं अदबीनं विचारलं, "इथी गाडी किती वेळ थांबते?"

कांताबाईंनी पदराने डोळे पुसले.

"सारे घरी येईपर्यंत."