एक वर्ष आधी आलेलं पत्र

नवीन वर्षाच्या पहिल्या सकाळी राज्यपालांच्या पांढऱ्या हवेलीसमोर निम्मं बेट रांगेत उभं होतं. अटलांटिकवरून बारीक हिम भुरभुरत होतं. याच एका दिवशी हवेलीचं दार सगळ्यांना उघडं. कार्डावर नाव लिहून दारात द्यायचं, दारातला माणूस ते पुकारतो, आणि राजाच्या वतीनं तिथं राहणाऱ्या राज्यपालबाई तुमचा हात हातात घेतात. अर्धं मिनिट.

तेवढ्या वेळात नोएला आर्सेनोला आभार मानायचे होते.

पुकारायला हवेलीच्या कचेरीतला तरुण कारकून फर्गस होता. कार्डासोबत तिच्या हातातलं पत्र त्याला दिसलं, आणि त्याचे कान लाल झाले.

"हे... आत दाखवणार?"

"त्यासाठीच तर आलेय."

तो किंचित झुकला. लग्नाला साठ वर्षं झालेल्या जोडप्यांना हवेलीतून जाणारी अभिनंदनपत्रं तोच तयार करायचा. नोएलाच्या आजी-आजोबांना हे चुकून वर्षभर आधी गेलं होतं. चूक त्याला गेल्या आठवड्यात सापडली. त्याची नोकरी कायम होणार का, ते सोमवारी ठरायचं होतं. हे सगळं त्यानं जेमतेम ओठ हलवत सांगितलं.

"म्हणजे घोळ तुमचा. वाटलंच, कुणीतरी बोटांवर मोजलंय."

"बोटांवर मोजलं असतं तर चुकलो नसतो."

ती हसली... आणि हसता हसता तिचे डोळे भरले. जूनमध्ये आजोबा हे पत्र घेऊन गावभर फिरले होते. एक वर्ष जास्तीचं पदरात पडलंय, परत कशाला द्यायचं, असं ते आजीला म्हणाले होते. ऑक्टोबरमध्ये ते गेले.

"तुम्ही नीट मोजलं असतं," ती हळूच म्हणाली, "तर त्यांना ते बघायलाच मिळालं नसतं."

लग्नाची बोलणी आत जाऊन करा, गारठलो आम्ही, असं मागून एक म्हातारा कुरकुरला.

फर्गसनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "दाखवा ते पत्र. तुमचे आभार माझ्यासाठी अडायला नकोत." मग त्यानं तिचं नाव पुकारलं.

राज्यपालबाईंचा हात उबदार होता. नोएलानं पत्र पुढे केलं नाही, तसंच छातीशी धरलं.

"माझ्या आजोबांना तुमचं पत्र आलं होतं," ती म्हणाली. "अगदी वेळेवर आलं."

रांग संपेपर्यंत ती ओसरीत थांबली. फर्गस दोन कप चहा घेऊन बाहेर आला. सोमवारी आपणच जाऊन चूक सांगणार, असं तो म्हणाला. तिनं झाकली ते मोठेपण तिचं, पण त्याआड लपायचं नव्हतं त्याला.

"आणि नोकरी गेली तर?"

"तरी ते पत्र मी लिहिलं याचा आनंद राहील."

नोएलानं कपाभोवती बोटं घट्ट केली. "आजीला पत्र लिहिणाऱ्याला बघायचंय. रविवारी जेवायला बोलावलंय... म्हणजे, बोलावेल. तिला अजून सांगायचंय."

"आणि तुम्हाला?"

"मला तर..." तिनं हिमाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तू ये तर. सांगते."