ओढ्याकडची ओळ

दाजींच्या थोरल्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. दोन्ही मुलीच. निरोप आला तेव्हा दाजी जंगलात बादल्या तपासत होते.

दाजींचं काम बेडूक, सरडे, सापसुरळ्या मोजण्याचं. राखीव जंगलाचा तो सखल भाग बारा महिने ओला असे. झाडांखाली भर दुपारीसुद्धा हिरवा अंधार. तिथं प्लास्टिकच्या कापडाचं गुडघाभर कुंपण सरळ ओढायचं आणि त्याला लागून जमिनीत ओळीनं बादल्या पुरायच्या, काठ मातीशी सपाट. चालणारा जीव कुंपणाला अडतो, कडेकडेनं जातो आणि बादलीत पडतो. सकाळी त्याला काढायचं, वजन करायचं. बेडूक असला तर बोटाचं टोक खुडायचं आणि सोडून द्यायचं. कुठल्या पायाचं कुठलं बोट, यावरून पुढच्या वेळी ओळख पटते.

झाकणं बादलीवर खड्यांच्या टेकूनं ठेवायची, म्हणजे आत सावली राहते आणि फटीतून जीवही पडतो. काही दिवस काम थांबणार असेल तर मात्र खडे काढून झाकण दाबून बसवायचं. "बाकी सगळ्याला माफी आहे, एवढ्याला नाही," असं मोजणीच्या प्रमुख बाई म्हणत.

घरी निघताना नातींच्या आनंदात दाजींनी वाटेवरच्या ओळी बंद केल्या आणि ओढ्याकडची तशीच राहिली.

त्यांच्या जोडीला त्यांचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. तो मागं छावणीवर राहणार होता. त्यानं विचारलंही, "दाजी, ओढ्याकडची बंद झाली का?"

"झाली रे बाबा. मी काय काल कामाला लागलोय?"

"आजोबा झालात ना, म्हणून विचारलं. म्हाताऱ्यांचा भरवसा नसतो."

मेहुण्यानं नंतर ओढ्यापलीकडून एकदा नजरही टाकली. झाकणं जागच्या जागी होती. खडे लांबून दिसत नाहीत.

दाजी परतले ते ओढ्याच्या वाटेनं. मधल्या दिवसांत कोरडं ऊन पडलं होतं. ओळीच्या अलीकडेच वास आला. त्यांनी पहिलं झाकण उचललं, मग दुसरं, आणि पुढची उचलताना मान फिरवून घेतली. सगळं एका मोठ्या झाडाच्या मुळाशी खड्ड्यात पुरलं, बादल्या ओढ्यात घासून धुतल्या आणि छावणीवर जाऊन मेहुण्याला नातींच्या गमती सांगितल्या. "एक रडते आणि दुसरी तिच्याकडे बघत बसते." मेहुणा पोट धरून हसला.

बाईंना सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. पण आज नको, उद्या सांगू.

पुढच्या आठवड्यात ओढ्याकडच्या बादलीत एक थोराड बेडूक मिळाला. एका डोळ्यात फूल पडलेलं, मागच्या डाव्या पायाचं बाहेरचं बोट खुडलेलं. दाजींनी तो बराच वेळ हातात धरून ठेवला. हा बेडूक त्यांनी स्वतःच्या हातानं पुरला होता. सारखे दिसणारे दोन असतील, असं म्हणून त्यांनी तो सोडला.

मग बाकीचे येऊ लागले. एकेक ओळखीचा, एकेक खुणेचा. पकडले तरी धडपडत नसत. सोडले तरी उडी मारत नसत, चालत जात.

"दाजी," मेहुणा एका सकाळी म्हणाला, "याचा गळा बघा."

बेडकाचा गळा कधी थांबत नाही. झोपेतही लपलपत असतो. याचा थांबलेला होता, आणि डोळे उघडे होते.

"गारठला असेल," दाजी म्हणाले.

"या उकाड्यात?"

बाई आल्या तेव्हा खूश होत्या. खुणा केलेले इतके जीव इतक्या दिवसांनी पुन्हा सापडणं त्यांनी कुठं पाहिलं नव्हतं. सोबत आलेल्या सगळ्यांच्या देखत त्यांनी दाजींच्या पाठीवर हात ठेवला. "शिकायचं तर दाजींकडून शिका. यांच्या हातून जीव दगावत नाही." टाळ्या वाजल्या. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं दाजींना झालं. तरी ते हसले. मेहुणा टाळ्या वाजवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दाजी फावडं घेऊन त्या झाडापाशी गेले. खड्डा रिकामा निघेल, म्हणजे कुणीतरी उकरलाय असं म्हणता येईल. त्यांनी हातानं माती बाजूला केली.

सगळे तिथंच होते. एकही कुजलेला नव्हता. डोळ्यात फूल पडलेला सगळ्यांत वर होता.

डोळे मिटलेले. गळे लपलपत होते.

मागं काटकी मोडली. मेहुणा उभा होता. त्यानं खड्ड्याकडे पाहिलं, मग दाजींकडे.

"झाकणं उघडी होती," तो म्हणाला. "मी विचारलं होतं तुम्हाला."

"होतं."

"बाईंना सांगा, दाजी. तुम्हाला ताईची शपथ आहे."

त्या क्षणी दाजींच्या तोंडून जे निघालं, ते त्यांनाही अनोळखी वाटलं. "सांगून बघ. छावणीवर तू होतास. तुझ्याच गळ्यात येईल."

मेहुण्याला तेव्हाच कणकण होती, डोळे लाल होते. दुपारच्या गाडीनं तो शहरात निघून गेला. दाजींनी खड्डा पुन्हा बुजवला. हातांना माती चिकटली होती, तिच्याखालून बारीक धडधड लागत होती.

मंगळवारी सकाळी मेहुणा ओळीवर उभा दिसला.

दाजींना हायसं वाटलं. "राग गेला का रे?" त्यानं मान हलवली आणि बादलीपाशी बसला. तो विषय त्यानं काढलाच नाही, आणि दाजी मनातून सुखावले. दोघं मुकाट्यानं काम करू लागले. डासांनी दाजींना फोडून काढलं. मेहुण्याच्या अंगाभोवती एकही नव्हता. जेवायला बोलावलं की तो नको म्हणून हात हलवी.

बुधवारी तसंच झालं. माफी मागायचं दाजींनी ठरवलं होतं. पण आज नको, उद्या मागू.

गुरुवारी दुपारी बाईंची जीप आली. छावणीवर फोन लागत नसे, म्हणून त्या स्वतः आल्या होत्या.

"दाजी, खाली बसा."

ते बसले.

"तुमच्या मेहुण्याला शनिवारी इस्पितळात ठेवलं होतं. मी भेटून आले. तापात एकच सांगत होता, ओढ्याकडची झाकणं माझ्या हातून उघडी राहिली, दाजींना काही बोलू नका." बाईंनी डोळे पुसले. "मी कशाला बोलतेय तुम्हाला? त्याचं सामान तेवढं बांधून द्या. घरी पोचवायचंय."

खरं सांगायला दाजींनी तोंड उघडलं.

"तो ओळीवर आहे," ते एवढंच म्हणाले.

बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. धक्का बसला की माणूस असं बोलतं, हे त्यांना ठाऊक होतं.

मेहुणा त्या आठवड्यातल्या सोमवारी पहाटे, शहरातल्या इस्पितळात, तापानं वारला.